पंचवीस हजारांत कॅमेरा : आधी विषय, मग लेन्स, शेवटी बॉडी

‘वीस-पंचवीस हजारांत चांगला कॅमेरा मिळेल का?’ हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे फोटोची हौस असलेली तरुण मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर ‘मिळतो’ असंच आहे. पण तो शोधताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी कंपनी ठरते, मग मॉडेल ठरतं, मग मेगापिक्सेलची तुलना होते. सगळे पैसे बॉडीत गेल्यावर लेन्स जी सोबत येईल ती. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. आधी विषय ठरवा, त्या विषयाला लागणारी लेन्स ठरवा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्या.

कशाचे फोटो काढणार?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात फोटोला विषयांची कमी नाही, पण प्रत्येक विषयाची मागणी वेगळी आहे.

औंढा नागनाथचं देऊळ घ्या. खालचा भाग यादवकालीन, वरचा नंतरच्या जीर्णोद्धारातला. दोन्हींच्या घडणीतला फरक बाहेरून फिरतानाही कळतो. बाह्यभिंतीवरची शिल्पं हलत नाहीत आणि दिवसाउजेडी दिसतात, म्हणजे कॅमेऱ्यावर फारसा ताण नाही. इथं महत्त्वाची असते ती वेळ. सकाळी किंवा सायंकाळी ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा मूर्तीच्या बोटांच्या, दागिन्यांच्या सावल्या पडतात आणि उठाव दिसतो. भर दुपारी तीच भिंत सपाट दिसते. या कामाला साधी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पुरते. देवळाच्या आत कॅमेरा नेण्याआधी परवानगी मात्र विचारलीच पाहिजे.

नर्सी नामदेवला रात्रीच्या कीर्तनाचे फोटो काढायचे असतील, तर गोष्ट बदलते. प्रकाश मंडपातल्या दिव्यांचा, कीर्तनकार सतत हालणारे, टाळकरी डोलणारे. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाचंही तसंच. दीडशेहून अधिक वर्षांच्या या उत्सवात रावणदहन होतं ते अंधारात आणि क्षणार्धात. अशा ठिकाणी जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स हवी.

इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणाच्या काठावर हिवाळ्यात पाणपक्षी टिपायचे तर प्रकाश भरपूर असतो, पण पक्षी लांब असतात. तिथं लांब पल्ल्याची, किमान २५० ते ३०० मिलिमीटरची लेन्स लागते.

आणि फेब्रुवारी-मार्चमधली हळद. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश. वसमतच्या या पिकाइतका रंग आणि हालचाल दुसऱ्या कुठल्या कामात क्वचितच मिळते. इथं माणसं जवळ असतात, उजेड असतो, पण वाफ आणि धूळ प्रचंड असते.

आता वहीत तीन ओळी लिहा : मी मुख्यतः काय टिपणार, ते किती लांब असेल, तिथं उजेड किती असेल. या तीन ओळींवरून निम्मी खरेदी ठरते. उत्तर ‘घरची माणसं, शेत, सहली, सगळं उजेडात आणि मोबाइलवर बघण्यापुरतं’ असं आलं, तर तूर्त कॅमेरा घेऊ नका. हातातला बरा फोन हे काम चोख करतो.

मेगापिक्सेलचा हिशेब

१९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन या अभियंत्यानं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्यातलं चित्र १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० बिंदूंचं होतं आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून पुढं बरीच वर्षं मेगापिक्सेल वाढणं म्हणजे कॅमेरा सुधारणं, हे खरंच होतं. आता ते दिवस राहिले नाहीत.

हिशेब करून बघा. अल्बममधल्या ४ बाय ६ इंची प्रिंटला, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. ८ बाय १२ इंचाच्या फोटोला साधारण साडेआठ लागतात. भिंतीवर लावायच्या १२ बाय १८ इंचाच्या मोठ्या प्रिंटला साडेएकोणीस. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा सव्वाआठ मेगापिक्सेलमध्ये भरतो. निकॉनची डी३२०० ही २०१२ सालची बॉडी २४ मेगापिक्सेलची आहे. म्हणजे दहा-बारा वर्षं जुना कॅमेराही हौशी माणसाच्या सगळ्या गरजा या बाबतीत भागवतो. दुकानदार मेगापिक्सेल सांगू लागला की त्याला थांबवा आणि सेन्सरचा आकार विचारा.

सेन्सर : आकार मोठा, चित्र स्वच्छ

प्रकाश जिथं पडून चित्र तयार होतं ती चिप म्हणजे सेन्सर. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत आणि मोठ्या झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यांत तो बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. हौशी वापराच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, असतो तो एपीएस-सी आकार निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननमध्ये किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर हा सेन्सर त्या लहान सेन्सरच्या तेरापट भरतो. व्यावसायिक लोक वापरतात तो फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे एपीएस-सीच्या साधारण २.४ पट.

याचा उपयोग कुठं होतो? अंधारात. प्रकाश कमी असला की कॅमेरा मिळालेला संकेत वाढवून घेतो. हे वाढवणं म्हणजेच आयएसओ. संकेत वाढवला की त्यासोबत चित्रातले रवाळ ठिपकेही वाढतात. मोठ्या सेन्सरवर मुळात प्रकाश जास्त जमा होतो, म्हणून त्याच आयएसओला चित्र स्वच्छ राहतं. लहान सेन्सरचा कॅमेरा आयएसओ १६०० ला चेहऱ्यांचा चिखल करतो, तिथं एपीएस-सी निभावून नेतो. लहान सेन्सरपासून एपीएस-सीपर्यंतची तेरापट झेप कमी पैशात मिळते; तिथून फुल फ्रेमपर्यंतची अडीचपटीहून कमी झेप मात्र खिसा रिकामा करते. म्हणून हौशी माणसानं एपीएस-सीवर थांबावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

लेन्स : पैसे इथं घाला

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये : किती लांबचं जवळ दिसेल. दुसरा ‘एफ’चा : किती प्रकाश आत येईल. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं.

दुसऱ्या आकड्याचं महत्त्व शेतकऱ्याच्या घरात लगेच कळेल. दोन इंची पाइप एक इंचीच्या दुप्पट नव्हे, चौपट पाणी घेतो, कारण छेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. लेन्सचंही तसंच. किट म्हणून मिळणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ नं भागून वर्ग करा : जवळजवळ ९.७ पट प्रकाश!

आता हे नर्सीच्या कीर्तनात लावून बघा. टाळकऱ्याचा हात फार पुसट होऊ नये म्हणून शटर किमान १/१२५ सेकंद हवं. किट लेन्सवर तेवढं शटर मिळवायला समजा आयएसओ ६४०० करावं लागलं, तर त्याच जागी एफ/१.८ च्या लेन्सवर साधारण ६५० मध्ये भागतं. जुनी का असेना, एपीएस-सी बॉडी ६५० ला अगदी स्वच्छ फोटो देते. नवी बॉडी घेऊन एवढा फरक पडत नाही, तो ५० मिलिमीटरच्या छोट्या लेन्सनं पडतो.

पक्ष्यांसाठी पहिला आकडा मोठा हवा. एपीएस-सी सेन्सर चित्राचा मधला भागच घेतो. त्यामुळं ३०० मिलिमीटरची लेन्स निकॉनच्या अशा बॉडीवर ४५० सारखी दिसते, कॅननवर ४८० सारखी. हातात धरून काढायचं तर शटर १/५०० सेकंदाहून संथ नको. उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून जलद. लेन्समध्ये थरथर आवरणारी सोय असेल तर बसलेल्या पक्ष्यासाठी बरीच सूट मिळते. कॅननच्या लेन्सवर ती ‘आयएस’ या अक्षरांनी आणि निकॉनच्या लेन्सवर ‘व्हीआर’ या अक्षरांनी दाखवलेली असते. निकॉनच्या एएफ-पी ७०-३०० च्या दोन आवृत्त्या दिसायला जवळपास सारख्या आहेत, एकीत व्हीआर आहे आणि दुसरीत नाही. पैसे देण्याआधी लेन्सवरची अक्षरं वाचा.

फक्त पक्षीच टिपायचे आणि तेही उन्हात, असं असेल तर ब्रिज कॅमेरा हाही मार्ग आहे. निकॉनच्या २०१५ सालच्या पी९०० चं झूम ८३ पट, फुल फ्रेमच्या मापात २००० मिलिमीटरपर्यंत जातं. एवढ्या पल्ल्याची वेगळी लेन्स हौशी माणसाच्या आवाक्यात नाही. मात्र त्यातला सेन्सर तोच लहान आकाराचा. सूर्य मावळला की त्याचं काम संपलं, हे मान्य करूनच घ्यावा.

नवा की जुना?

२०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनी फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले, कॅमेरे आणले आणि त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष तिकडं वळलं. लग्नसराईत काम करणारे स्टुडिओवालेही एकामागून एक मिररलेसवर गेले. त्यामुळं चांगल्या स्थितीतल्या डीएसएलआर बाजारात आल्या आणि त्यांचे भाव उतरले. हौशी माणसासाठी ही मोठी संधी आहे. आरशाचा कॅमेरा जुना झाला म्हणून त्यानं काढलेला फोटो जुना होत नाही.

नवा मिररलेस कॅमेरा किट लेन्ससह साधारण पन्नास हजारांच्या पुढं जातो. तेवढं बजेट असेल तर कॅननचा आर५०, निकॉनचा झेड३० हे चांगले आहेत, व्हिडिओला तर विशेष. पण पंचवीस हजारांत बसवायचं तर वापरलेली डीएसएलआर हाच शहाणपणाचा रस्ता. निकॉनच्या डी३३००, डी५३००, डी३५००, कॅननच्या १५००डी आणि २००डी, या सगळ्या २४ मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी आणि अजून पुष्कळ वर्षं चालतील अशा बॉडी आहेत. डी३५०० ची बॅटरी ठरलेल्या चाचणीनुसार एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो काढते. दिंडीबरोबर दिवसभर चालणाऱ्याला या गुणाची किंमत कळेल. व्हिडिओही काढायचे असतील तर २००डी बघा. पडद्यावर बघून फोकस करण्यात ती या सगळ्यांत सरस आहे.

जुना कॅमेरा तपासताना

परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जाल तेव्हा सोबत स्वतःचं मेमरी कार्ड, एक वर्तमानपत्र आणि टॉर्च असलेला फोन न्या. अर्धा तास मागून घ्या. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

पहिलं काम लेन्सचं. लेन्स बॉडीवरून काढा, मागून टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स परत ठेवा. झूमची कडी फिरवून बघा, कुठं अडकता कामा नये.

दुसरं, सेन्सरवरची घाण. लेन्स लावा, छिद्र एफ/१६ वर ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा. पडद्यावर मोठा करून बघा. प्रत्येक फोटोत त्याच जागी राहणारे काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण तेवढे पैसे भावात कमी करून घ्या.

तिसरं, शटर. उन्हात १/४००० सेकंदावर दोन-तीन फोटो काढा. चित्राच्या एका कडेला काळसर पट्टा येत असेल तर शटर थकलं आहे. आतापर्यंत किती वेळा शटर पडलं, तो आकडा निकॉनच्या मूळ फोटोच्या माहितीत साठवलेला असतो आणि फोन किंवा संगणकावर वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींना त्यासाठी केबल लावून वेगळं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. डी३५०० सारख्या बॉडीच्या शटरची चाचणी एक लाख वेळांची आहे. पंधरा-वीस हजारांचा आकडा उत्तम, पन्नास हजार चालेल, नव्वद हजारांच्या पुढचा कॅमेरा फार स्वस्त असेल तरच.

चौथं, फोकस. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस करा, छिद्र पूर्ण उघडं. फोटोत तीच ओळ सर्वांत ठळक यायला हवी. पुढची किंवा मागची ठळक येत असेल तर फोकस सरकला आहे.

पाचवं, टोपण लावून एक-दोन सेकंदांचा फोटो. पूर्ण काळा यायला हवा. लाल-निळे चमकते ठिपके बरेच दिसले तर पुढचा कॅमेरा बघा.

शेवटी फ्लॅश, सगळी बटणं, कार्डाची खाच, बॅटरी फुगलेली तर नाही ना, हे बघा. मूळ बिल मागा आणि बॉडीवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडा. बिल नसलेला कॅमेरा चोरीचाही असू शकतो. बिल नाही तर व्यवहार नाही, हा नियम पाळा.

बॉडी आणि लेन्स जुळतात का?

इथं बरेच जण फसतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळं स्वस्त मिळते म्हणून जुनी ‘एएफ-डी’ ५० मिलिमीटरची लेन्स घेतली तर फोकस हातानंच करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्या. उलट ‘एएफ-पी’ लेन्स नव्या बॉडींवर चालते, पण डी३२०० आणि त्याआधीच्या बॉडींवर ती चालत नाही. कॅननमध्ये हा गुंता कमी : १५००डी, २००डी यांसारख्या एपीएस-सी डीएसएलआरवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स चालतात. पुढं मागं मिररलेस घेतलात तर आजच्या ईएफ किंवा एएफ-एस लेन्स अॅडॅप्टर लावून तिथंही फोकससह वापरता येतात. लेन्समध्ये घातलेला पैसा वाया जात नाही, तो असा.

पंचवीस हजारांची वाटणी

भाव गावागणिक आणि कॅमेऱ्याच्या स्थितीनुसार बदलतात, पण अंदाज असा धरा. गाव, माणसं, सण, देऊळ हे विषय असतील तर किट लेन्ससह वापरलेली बॉडी पंधरा हजारांच्या आसपास आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स, जुनी मिळाली तर पाच-सहा हजारांत. उरलेल्या पैशांत चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं कार्ड, जादा बॅटरी आणि हवाबंद डबा. पक्षी हा विषय असेल तर ५० ऐवजी वापरलेली ५५-२५० किंवा ७०-३०० घ्या, थरथर आवरणारीच. दोन्ही एकदम घ्यायचा मोह टाळा. सहा महिने एका लेन्सवर काढलेत की पुढची कोणती हवी, ते तुमचे फोटोच सांगतील.

घरी आणल्यावर

मराठवाड्यातला उन्हाळा कॅमेऱ्याला धुळीनं त्रास देतो, पावसाळा बुरशीनं. जून ते सप्टेंबर कॅमेरा कापडी पिशवीत किंवा कपाटात कोंडून ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. पुड्या ओल्या झाल्या की बदला. आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. बुरशीवर याहून स्वस्त औषध नाही.

हळदीच्या दिवसांत जास्त जपा. पॉलिशचा ढोल फिरत असतो तिथं पिवळी भुकटी हवेत तरंगते. त्या जागी लेन्स कधीही बदलू नका. शिजवणीच्या वाफेत फोटो काढून आल्यावर लेन्सची काच आधी ब्लोअरनं झटका, मगच मऊ कापड लावा. कोरडं कापड आधी फिरवलं तर भुकटीच काच घासते. आणि एक वापरायची युक्ती : पांढऱ्या वाफेनं फ्रेम भरली की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो. एक्स्पोजर अर्ध्या ते एक पायरीनं वाढवा, वाफ पांढरी येईल आणि मागच्या बाईचा चेहराही दिसेल. तो चेहरा टिपण्याआधी तिला विचारा. पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊ नका. चांगल्या फोटोसाठी कुणाला त्रास द्यावा लागत असेल, तर तो फोटो सोडून द्यावा.

नव्या मॉडेलचे भाव उतरतील म्हणून वर्षानुवर्षं वाट बघणारे हौशी लोक जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्या काळात हळदीचे कितीतरी हंगाम आणि दसऱ्याचे कितीतरी मेळे निघून जातात. विषय आज ठरवा, लेन्स त्या विषयाची घ्या, बॉडी तपासून जुनी घ्या आणि येत्या हंगामात कामाला लागा. आपल्या जिल्ह्याचे चांगले फोटो बाहेरून येऊन कुणी काढणार नाही, ते इथल्याच लोकांनी काढायचे आहेत.